घंटेचा मेंढा

परवा लुईस गावाहून यीस्टचा डबा आला तो वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला. कागदावर निवडणुकीची बातमी होती. अमुक एक शहर म्हणजे म्हणे देशाचं 'बेलवेदर' आहे, ते ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला बाकीचे झुकतील. लिहिणाऱ्याने अगदी कौतुकाने लिहिलं होतं. पूर्वीची मी असते तर मोठ्याने हसले असते. आता हसू तोंडापर्यंत येतं आणि तिथेच बसून राहतं. मी कागद भट्टीत घातला.

शब्द आमचा आहे, म्हणून सांगते. बेल म्हणजे घंटा आणि वेदर म्हणजे खच्ची केलेला मेंढा. दोन्ही जोडले की झाला घंटेचा मेंढा. आमच्या ससेक्सच्या माळावर आजोबांच्या आजोबांपासून हा शब्द असाच चालत आलाय, शेणामातीत. शहरातल्या लोकांनी तो उचलला, धुऊन पुसून घेतला, आणि आता पुढारी असेल, शहाणा असेल, ज्याच्यामागे चार माणसं जातात असा कुणीही असेल, त्याला लावतात. घंटा तेवढी ठेवली. सुरी कुठे लागली होती ते कुणी बोलत नाही.

असे मेंढे हायरम पेलिंगने जन्मभर तयार केले. मी मर्सी पेनफोल्ड, ऑफडीनच्या बेकरीत पाव भाजते. नवरा जेबेझ पीठ मळतो, मी भट्टी बघते आणि दुकानात उभी राहते. हायरम आणि मी एका वर्गात होतो, म्हणजे तो शाळेत होता तेवढे दिवस. मग त्याच्या बापाने त्याला माळावर नेला आणि तो तिथलाच झाला. बोलणं कमी, चालणं फार. मेंढ्या ब्रॅकपूल मालकांच्या, घर ब्रॅकपूल मालकांचं, कुत्राही त्यांच्याच पिठावर वाढलेला. हायरमच्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी होत्या, आकडीची काठी आणि घंटा. आमच्याकडे मेंढपाळाच्या घंटा त्याच्या स्वतःच्या असतात. बापाकडून येतात, आणि मालक बदलला की मेंढपाळाबरोबर जातात.

दर शनिवारी तो शिळे तुकडे न्यायला दुकानात यायचा.

"मर्सी, बिशपचा शिधा काढून ठेवलास का?"

बिशप म्हणजे त्याचा मेंढा. जाडजूड, गंभीर, आणि सगळ्यांच्या पुढे तोऱ्यात चालणारा, म्हणून ते नाव. पाद्रीबाबांना ते फारसं आवडलेलं नव्हतं.

"ठेवलाय. आणि त्याला म्हणावं, एखाद्या रविवारी चर्चला ये."

"तो येईल गं. पण त्याच्यामागून दोनशे जण येतील आणि वेदीवरची फुलं खातील."

"मग काय, तू जात नाहीस, ते तरी जातील."

"मला कुठे वेळ आहे? मी बिशपच्या नोकरीत आहे."

असं आमचं चालायचं. तेव्हा मला चव होती, बोलण्याची आणि मिठाचीही.

मेंढा कसा तयार करतात ते मी त्याच्याच तोंडून ऐकलंय. आई मेलेलं कोकरू घ्यायचं, चुलीपाशी ठेवायचं, बाटलीने पाजायचं. वेळेवर खच्ची करायचं. अख्खा मेंढा पुढे ठेवून चालत नाही. तो माद्यांमागे धावतो, दुसऱ्यांशी टकरा घेतो, स्वतःचं डोकं चालवतो. खच्ची केलेल्याला कशाचीच ओढ उरत नाही. मग त्याला माणसाची ओढ लावायची. खिशात पावाचा तुकडा ठेवायचा आणि पुढे चालायचं. तो मागून येतो. त्याच्या गळ्यात घंटा बांधली की कळप घंटेमागून येतो. धुक्यात मेंढ्यांना मेंढपाळ दिसत नाही, पण घंटा ऐकू येते. बघणाऱ्याला वाटतं, काय तो मेंढा, सगळ्यांना घेऊन चाललाय. तो कुणाला घेऊन जात नसतो. तो खिशामागून जात असतो.

फिंडनच्या जत्रेत मी पावांची टोपली घेऊन बसायचे, तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलंय. नव्या जागेला मेंढ्या बुजतात, कुडाच्या ताट्यांच्या आत जायला तयार होत नाहीत. मग हायरम पुढे, त्याच्यामागे बिशप, आणि बिशपमागून सगळ्या सरळ आत. पलीकडे खाटकांच्या गाड्या लागलेल्या. आत गेल्यावर हायरम बाजूची एक ताटी उचलायचा. तेवढ्यातून बिशप बाहेर यायचा आणि ताटी पुन्हा बसायची. बिशपला तुकडा मिळायचा. मग दोघं माळावरून घरी. मेंढ्या ओरडत असायच्या, तो एकदाही मागे बघायचा नाही.

हायरमची बायको लॉटी लवकर गेली. मागे एकच मुलगा, रूबेन. बापाच्या अगदी उलट. उंच, हसरा, क्रिकेटच्या संघाचा कप्तान. गावातली पोरं त्याच्याभोवती असायची. त्याने टोपी तिरकी घातली की आठवडाभरात सगळ्यांच्या टोप्या तिरक्या. माझा नेड तर चालायला लागल्यापासून त्याच्यामागे. "रूबेन म्हणतो," "रूबेनने असं केलं," घरात दुसरं काही नाही. जेबेझ एकदा चिडून म्हणाला होता, "रूबेनने विहिरीत उडी मारली तर?" नेड म्हणाला, "मग आत पाणी कमी असणार." आम्ही तिघंही हसलो होतो.

चौदा साली लढाई लागली. त्या शरदात ब्रॅकपूल मालकांच्या धान्याच्या कोठारात सभा झाली. मालक गाडीवर उभे, शेजारी एक लष्करी साहेब, बाहेर बँड. साहेबाने भाषण केलं, मग विचारलं, कोण येतंय? पोरं एकमेकांकडे बघत राहिली. कुणी बूट घासला, कुणी खोकला. मग रूबेनचा हात वर गेला. पाठोपाठ माझ्या नेडचा. मग हॅरिएट बॉटिंगच्या दोन्ही पोरांचे, मग आणखी दोघांचे. मालकांनी टाळी वाजवली. "शाब्बास! हा आमचा बेलवेदर!" लोक हसले, बँड वाजला. हायरम दारापाशी टोपी हातात धरून उभा होता. त्याचं तोंड पडलेलं होतं. मला वाटलं, पोराच्या अभिमानाने त्याला भरून आलंय.

सोळा सालच्या उन्हाळ्यात आघाडीवर एकाच दिवशी पाचजण गेले. लष्कराचे लखोटे एका मागोमाग एक आले. पोस्टाच्या पोरीने माझ्या दुकानातून सुरुवात केली, कारण ते रस्त्याच्या सुरुवातीला आहे. मग पलटणीच्या साहेबाची पत्रंही आली. नंतर आम्ही बायकांनी ती एकमेकींना वाचून दाखवली, तेव्हा कळलं की पाचही पत्रांत एकच वाक्य होतं. तत्काळ मृत्यू आला, वेदना झाल्या नाहीत.

मी रडले नाही. धीर होता म्हणून नाही, रडू आलंच नाही. पाव भाजत राहिले. त्याच महिन्यात एकदा अख्ख्या घाण्यात मीठ घालायचं राहिलं. जेबेझच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. दुसऱ्या दिवशी मीठदाणी भरलेली दिसली तेव्हा कळलं. गावाने तो पाव खाल्ला होता. एकानेही तक्रार केली नाही.

रूबेन परत आला. एकोणीस साली, डाव्या हाताची बोटं आखडलेली आणि छातीत विषारी वायूची घरघर. सहाजण गेले होते, तो एकटा आला. कुणी त्याला शिव्या घातल्या नाहीत. आम्ही तसली माणसं नाही. तो दुकानात शिरला की बायका बोलायच्या थांबायच्या, इतकंच. दारूच्या गुत्त्यात त्याच्या बाकावर जागा असायची, दोन्ही बाजूंना. मी त्याला पाव द्यायचे, पण हातात नाही, फळीवर ठेवायचे. तो पैसे फळीवर ठेवायचा. थोड्या दिवसांनी तो यायचाच थांबला. माळावर हायरमचं चाकांवरचं खोपट होतं, कोकरं जन्मायच्या दिवसांत मेंढपाळ राहतो ते, त्यात जाऊन राहिला. शनिवारी हायरम दोघांचा पाव आणि बिशपचे तुकडे घेऊन जायचा. आमची थट्टा बंद झालेली होती. "आज वारा आहे," तो म्हणायचा. "आहे," मी म्हणायचे.

मला एकच गोष्ट हवी होती. माझा नेड कसा गेला ते. पत्रातलं वाक्य पाच पोरांत वाटलेलं, त्यात माझ्या वाट्याला पुरेसं येत नव्हतं. सांगणारा माणूस जगात एकच होता आणि तो माझ्या दारापासून तासाभराच्या वाटेवर राहत होता. पण त्याला विचारायचं म्हणजे त्याच्याशी बोलायचं, आणि ते मला होत नव्हतं. राग होता असंही नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, अंगात काहीतरी हललं असतं. त्याचा वर जाणारा हात तेवढा डोळ्यांपुढे यायचा आणि जीभ जागच्या जागी राहायची.

वीस सालच्या उन्हाळ्यात चर्चसमोर दगडी क्रूस उभारायचं ठरलं, पाच नावांचा. शाळेत बैठक झाली. ब्रॅकपूल मालक खुर्चीत, शेजारी पाद्रीबाबा, आणि आम्ही सगळे पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून. हायरम मागे भिंतीला टेकलेला. मालक म्हणाले, "नोव्हेंबरात मिरवणूक काढू. सर्वांत पुढे रूबेन पेलिंग चालेल. गेला तेव्हाही तोच पुढे होता. शोभून दिसेल."

हॅरिएट बॉटिंग उठली. दोन पोरं गेलेली बाई.

"पुन्हा तोच पुढे?" ती म्हणाली. "आणि त्याच्यामागून कोण चालायचं आता, मालक? मी? माझ्याकडे तर दुसरं कुणी उरलं नाही. फिंडनला असंच असतं की. मेंढरं गाडीत आणि बिशप घरी, पाव खायला."

मागून टोपी खाली पडल्याचा आवाज आला. हायरम ती उचलायला वाकला, आणि उठून उभा राहिला तो बोलायलाच.

"हॅरिएट, तू बरोबर बोललीस. पण बिशप कशामागून चालतो ते राहिलं." त्याचा आवाज माळावर असतो तसाच होता, जेवढ्यास तेवढा. "त्या सभेच्या आदल्या दिवशी मालक माळावर आले. म्हणाले, पोरं बिचकतायत. तुझा रूबेन उठला की बाकीचे उठतील. तुला हे मी काय शिकवू, हायरम, तुझा धंदाच तो. मी म्हटलं, त्याला जायचं नाहीये, मालक. मालक म्हणाले, सप्टेंबरअखेर मायकलमसला घराचा करार पुन्हा करायचा आहे, बघ बाबा, तुझं तू ठरव."

"पेलिंग," मालक म्हणाले, "खाली बसा."

"बसतो, मालक. थोडंच राहिलंय." हायरमने त्यांच्याकडे बघितलंही नाही. "रात्री जेवताना मी पोराला सांगितलं, हात वर कर. तो म्हणाला, बाबा, मला नको वाटतंय. मी म्हटलं, कर. त्याने माझा शब्द कधी मोडलेला नाही. तसाच वाढवलाय मी त्याला, आईविना, चुलीपाशी. तेव्हा बोलायचं बंद करायचं असेल तर माझ्याशी करा. त्याच्याशी बोला."

मग तो बसला. बसायला बाक नव्हता, म्हणून जमिनीवर बसला.

आता तुम्हाला वाटेल, लोक उठले, मालकांना जाब विचारला, कुणीतरी खुर्ची लाथाडली. तसं काही झालं नाही. आम्ही सगळ्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी समोरचे कागद सारखे केले आणि म्हणाले, "आता दगडाचं. पोर्टलंडचा आणायचा की इथलाच गारगोटीचा?" आणि आम्ही दगडावर बोललो. बराच वेळ बोललो. पोर्टलंडचा महाग पडतो, पण अक्षर त्यावर उठून दिसतं, असं मीसुद्धा म्हणाले. इतके आम्ही आतून बधिर झालो होतो. आमच्यातल्या निम्म्यांची घरं मालकांची होती आणि उरलेल्यांचं गिऱ्हाईक मालक होते, हेही खरं. घरी येताना जेबेझ म्हणाला, "हायरमने नसतं सांगितलं तरी चाललं असतं." मी म्हटलं, "कुणाला?"

हायरमला मायकलमसची नोटीस मिळाली. कारण दिलं वय. सप्टेंबर संपत आला तसा त्याने कळप नव्या माणसाच्या ताब्यात दिला. बिशप मालकांचा, तो राहणार. घंटा हायरमच्या, त्या जाणार. त्याने बिशपच्या गळ्यातली घंटा सोडली तेव्हा मी पाव पोचवायला मालकांच्या आवारात गेले होते. बिशप मान झटकत उभा राहिला. मेंढ्या त्याच्याभोवती गोळा झाल्या आणि तिथेच घोटाळत राहिल्या. नवा मेंढपाळ ओरडत होता. हायरमने घंटेत गवत कोंबलं, म्हणजे ती वाटेत वाजू नये, आणि पिशवीत टाकली.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"पूर्वेला, सीफर्डच्या अलीकडे. तिथल्या मालकाला म्हातारा चालतो. रूबेन काठ्या-ताट्या करेल."

"कधी?"

"उद्या."

उद्या म्हटल्यावर माझ्या पायांना काय झालं मला सांगता येणार नाही. मी घरी न जाता माळाची वाट धरली. टोपलीत एक पाव उरला होता. वर खोपटासमोर रूबेन बसून ताटीसाठी हेझलच्या झाडाच्या काठ्या चिरत होता. चांगल्या हाताने कोयता आणि आखडलेल्या बोटांत काठी. मला बघून तो उभा राहिला. पोरगा म्हातारा दिसत होता.

मी पाव पुढे केला. ठेवायला फळी नव्हती. त्याने तो हातात घेतला.

"रूबेन, माझा नेड कसा गेला?"

"पत्र आलं असेल ना, बाई."

"आलं. लगेच गेला, दुखलं नाही."

"मग तसंच."

"हॅरिएटच्या दोघांनाही तसंच लिहिलंय. मला नेडचं सांग."

तो खोपटाच्या पायरीवर बसला. मीही बसले. त्याने छातीतली घरघर थांबू दिली.

"दुखलं," तो म्हणाला. "दुपारपर्यंत. मी जवळ होतो. पाणी दिलं. शेवटी शेवटी त्याला कळत नव्हतं."

मी मान हलवली. मला वाटलं होतं, हे ऐकलं की आत काहीतरी फुटेल. फुटलं नाही. पण ते वाक्य माझ्या एकटीचं होतं, वाटलेलं नव्हतं.

"तू पुढे होतास ना?" मी विचारलं. इतकी वर्षं जे मनात घेऊन बसले होते तेच तोंडात आलं. "तू पुढे गेलास आणि तो तुझ्यामागून आला."

रूबेनने काठी उचलली, पुन्हा ठेवली.

"नाही, बाई. त्या दिवशी नाही. शिट्टी वाजली आणि मला खंदकाच्या शिडीवर पाय ठेवता येईना. पाय उचलतच नव्हता. पोरं माझ्याकडे बघत होती, मी हललो की ती हलणार. नेडने मला बाजूला केलं. 'तू मागून ये,' म्हणाला, आणि वर चढला. मग बॉटिंगचे दोघं, मग बाकीचे. मी सगळ्यांत शेवटी."

खाली गावात चर्चचा घड्याळाचा मनोरा दिसत होता. माझ्या दुकानाचा धूर दिसत नव्हता, जेबेझने भट्टी विझवली असणार.

"हे तू कुणाला सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं. "लोक तुझ्याशी बोलत नव्हते. मी..."

"नेड इथे नाही ना उत्तर द्यायला," तो म्हणाला. "मी आहे. मला सोसून घेता येत होतं." आणि काठी पुन्हा उचलत, "तुम्हीही कुणाला सांगू नका. उद्या आम्ही चाललोच आहोत. नेडबद्दल कशाला कुणाचं मन कडू करायचं?"

मी त्याच्या आखडलेल्या बोटांवर हात ठेवला. ती गार होती. मग उठले आणि उतरणीला लागले.

घरी गेले नाही. हॅरिएटच्या दारात गेले. दार उघडंच होतं, ती टेबलाशी बटाटे सोलत होती, एकट्या माणसाला लागतात त्यापेक्षा जास्त. सवयीने घेते इतके. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"हॅरिएट," मी म्हटलं, "त्या दिवशी पुढे माझा नेड होता. रूबेन नव्हे. तुझे दोघं नेडच्या मागून गेले. आता बोलायचं बंद करायचं असेल तर माझ्याशी कर."

ती सोलत राहिली. तो बटाटा संपला, तिने दुसरा घेतला, तोही संपला.

"आत ये," ती म्हणाली, "आणि दार लावून घे. वारा येतोय."